अवघड जागेचे दुखणे

'अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. अहमदपूरसारख्या गावात मात्र ती हसण्यावारी नेता येत नाही. इथे प्रत्येक डॉक्टर कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचा असतो. कुणाचा वर्गमित्र, कुणाच्या सोयऱ्याचा शेजारी, कुणाच्या घरी एकेकाळी भाड्याने राहिलेला. म्हणून हातापायावर गाठ-पुळी आली की माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो. तीच गुप्तांगावर आली की सहा महिने गप्प बसतो आणि मग बस्त्याचे निमित्त काढून लातूरला किंवा नांदेडला अनोळखी डॉक्टर शोधतो.

गेल्या पंधरवड्यात या सदरासाठी एक निनावी पत्र आले. मजकूर थोडक्यात असा: 'तीन डॉक्टर झाले. एक म्हणाले चामखीळ आहे, दुसरे म्हणाले काहीच नाही, तिसऱ्यांनी मलम लिहून दिले पण रोगाचे नाव सांगितले नाही. दिवसातून दहा वेळा पाहतो. बायकोशी नीट बोलणे नाही. रोगापेक्षा हे न कळणेच मला खात आहे.'

वाचकहो, या पत्रातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. रोगांवर या सदरात आपण पुष्कळ बोललो. आज रोगाचे नाव ठरेपर्यंतच्या दिवसांविषयी बोलू. कारण या दिवसांत माणसे जी नासधूस करून घेतात, ती पुष्कळदा मूळ दुखण्यापेक्षा मोठी असते. त्यात कधी कधी आम्हा डॉक्टरांचाही हात असतो. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

माझी एक चूक

१९९७ साल. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून मी इथे दवाखाना थाटला, त्याला फार दिवस झाले नव्हते. बाजारचा दिवस होता, बाहेर पन्नासेक पेशंट. तालुक्यातल्याच एका खेड्यातला चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा आत आला आणि दार लावून घेऊन उभा राहिला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्याच्या शिश्नाच्या बोंडाच्या कडेला बारीक, मोत्यासारखे दाणे होते. वीज गेलेली होती. मी टॉर्चच्या उजेडात अर्धा मिनिट पाहिले आणि म्हणालो, "संसर्गाच्या चामखिळी आहेत. बाहेर कुठे गेला होतास का?"

त्याची सोयरीक जमलेली होती, कुंकवाचा कार्यक्रम झालेला होता. तो कुठेच गेलेला नव्हता. पण डॉक्टर म्हणाले म्हणजे खरेच असणार, असे त्याला वाटले. त्याने घरी लग्नाला नाही म्हणून सांगितले, कारण सांगितले नाही. दोन घरांत वितुष्ट आले. दीड महिन्याने त्याचा मामा त्याला अंबाजोगाईला त्वचारोग विभागात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी चांगल्या उजेडात, भिंग लावून पाहिले आणि सांगितले की हा रोगच नाही. पुष्कळ पुरुषांना जन्मजात ठेवणीतूनच वयात येताना असे दाणे येतात. ते कुणाला लागत नाहीत, त्यांना औषध लागत नाही.

तो परत माझ्याकडे आला. भांडायला नाही, कागद दाखवायला. जाताना एवढेच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही 'मला नक्की कळंना गेलंय' म्हणला असता तरी चाललं असतं."

त्या दिवसापासून मी हे वाक्य म्हणायला शिकलो.

दिसायला सारखे, स्वभावाने वेगळे

गुप्तांगावरच्या वाढीबद्दल डॉक्टर लगेच नाव का सांगू शकत नाहीत? कारण वेगवेगळ्या अनेक गोष्टी तिथे जवळजवळ सारख्या दिसतात. त्यांतल्या काही रोगच नसतात. वर सांगितलेले मोत्याचे दाणे हा एक प्रकार. ते ओळीत, एकसारखे आणि वर्षानुवर्षे तेवढेच असतात. दुसरा प्रकार पिवळसर, रव्याच्या कणासारख्या ठिपक्यांचा. त्या तेलग्रंथी असतात. असे ठिपके अनेकांच्या ओठाच्या आतल्या बाजूलाही असतात. मी पेशंटला आरसा देऊन त्याचाच ओठ दाखवतो, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडतो. बायकांमध्येही योनीमार्गाच्या तोंडाशी मऊ, गुलाबी, दोन्ही बाजूंना सारखे असे बारीक कोंब नैसर्गिकपणे असू शकतात.

मग येते खरी चामखीळ. ती एचपीव्ही नावाच्या विषाणूने होते. पृष्ठभाग खरखरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा. कधी एकच, कधी पुंजका. बहुधा दुखत नाही. याच विषाणूचे कोंब गुदद्वाराशी आले की पेशंट मूळव्याध समजतो, आणि 'बिनाऑपरेशन मूळव्याध' अशी पाटी लावलेल्या माणसाकडून महिनोन्‌महिने इंजेक्शने घेत राहतो.

मसुराएवढा, मेणासारखा गुळगुळीत फोड असेल आणि त्याच्या मध्यभागी बेंबीसारखा खळगा असेल, तर तो मोलस्कम. हा लहान मुलांच्या अंगावरही येतो. मुलांच्यात तो खेळता-खेळता, टॉवेल-कपड्यांतून पसरतो. त्यावरून भलता संशय घेऊ नये. बहुतेकांचा तो सहा महिने ते वर्षभरात आपोआप जातो. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर आणि अंगभर असे फोड उठले, तर मात्र एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी.

खूप खाजणाऱ्या, तांबूस, हाताला लागणाऱ्या गाठी असतील आणि घरातली इतर माणसेही रात्री खाजवत असतील, तर ती खरूज असण्याचा संभव जास्त. खरजेचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचे असते. किडा मेल्यावरही अवघड जागेवरच्या या गाठी काही आठवडे, कधी काही महिने राहतात. औषध लागू पडले नाही असे समजून लोक डॉक्टर बदलत राहतात.

आणि एक प्रकार असा, जो चुकवून चालत नाही. चपट्या, ओलसर, करड्या-पांढऱ्या चकत्या, ज्या सिफिलिसच्या म्हणजे गर्मीच्या दुसऱ्या टप्प्यात येतात. वरवर पाहता चामखीळच वाटते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सहा महिन्यांची गरोदर बाई आली. आधीची दोन बाळंतपणे आठव्या महिन्यात मेलेले मूल होऊन झालेली. सासूने तिला 'मोड जाळून द्या' म्हणून आणले होते. जाळले असते तर चकती गेली असती आणि रोग रक्तात राहिला असता. तिची व्हीडीआरएल ही रक्ततपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. दुसऱ्या तपासणीनेही तेच सांगितले. बेन्झाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन तिला दिले, नवऱ्यालाही दिले. तिसरे मूल जिवंत आणि निरोगी झाले. हे औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि योग्य वेळी दिले तर गर्भातल्या बाळालाही वाचवते. म्हणून गुप्तांगावर काहीही वाढ दिसली, तरी सिफिलिस आणि एचआयव्ही या दोन रक्ततपासण्या करून घ्याव्यात. डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या तर तो तुमच्या चारित्र्यावरचा शेरा मानू नये.

वैद्यकशास्त्रही चुकते

'एवढे शिकलेले डॉक्टर, मग यांना कळत कसे नाही?' असे पेशंट माझ्या तोंडावर म्हणत नाहीत, बाहेर जाऊन म्हणतात. त्यांच्या माहितीसाठी सांगतो. १९८० च्या दशकात बायकांच्या ज्या नैसर्गिक मऊ कोंबांचा उल्लेख वर केला, त्यांना परदेशातले मोठमोठे तज्ज्ञही विषाणूचा रोग समजत होते. जागेवर सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावायचे आणि ती पांढरी पडली की चामखीळ आहे असे म्हणायचे. मग ते कोंब जाळायचे. पुढे १९९० च्या सुमारास तपासण्यांतून दिसू लागले की यांतल्या बहुतेक बायकांच्या कोंबांत तो विषाणू नव्हताच. साधी जळजळ किंवा खरचटणे असले तरी व्हिनेगरने बाहेरची त्वचा पांढरी पडू शकते. निरोगी अवयवावर उपचार झाले होते.

शंका उरलीच तर शेवटचा उपाय म्हणजे तुकडा काढून तपासणे, बायॉप्सी. जागा बधिर करून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही समजूत या तपासणीला लागू नाही. बायॉप्सी न केल्यामुळे वेळ गेलेले पेशंट मी पाहिले आहेत.

पण बायॉप्सीचा रिपोर्टही दर वेळी सरळ 'हो' किंवा 'नाही' असा येत नाही. दिसायला साधी चामखीळ आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत बिघाड, असाही एक प्रकार असतो. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ आणि तुकडा तपासणारे डॉक्टर एकमेकांशी बोलतात, पुन्हा पाहतात, काही महिने लक्ष ठेवतात. 'तीन महिन्यांनी परत या' म्हणजे डॉक्टरांनी हात झटकले असे नव्हे. काळ हीसुद्धा एक तपासणी आहे. नैसर्गिक ठेवण वर्षभरात तेवढीच राहते, मोलस्कम विरत जातो, चामखीळ वाढते किंवा आपोआप जाते, आणि घातक वाढ थांबत नाही.

'हे आले कुणाकडून?'

चामखीळ नक्की ठरली की नवरा-बायकोत पहिला प्रश्न हाच निघतो. मी तीस वर्षांत या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर एकदाही देऊ शकलो नाही, आणि कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देऊ शकणार नाही. हा विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून येतो हे खरे. पण आल्यावर तो केव्हा उगवेल याचा नेम नाही. कधी दोन-तीन महिन्यांत, कधी वर्षांनी. पुष्कळांच्या अंगात तो येतो आणि काहीही न दिसता शरीराच्या प्रतिकारशक्तीने साधारण दोनेक वर्षांत निघूनही जातो. आपल्या काळ्या रानात तणाचे बी पडून राहते आणि एखाद्या पावसाने एकदम उगवते, तेव्हा ते कोणत्या साली पडले हे सांगता येते का? तसेच हे. म्हणून आज दिसलेल्या चामखिळीवरून काल कोण कुठे गेले होते याचा निवाडा करू नये.

एका जोडप्यात बायकोला चामखीळ निघाली. नवऱ्याला काहीच नव्हते, म्हणून त्याने तिला माहेरी पाठवायचे ठरवले होते. मी दोघांना समोर बसवून वरचे सगळे सांगितले आणि शेवटी म्हणालो, "हा विषाणू तुझ्या अंगात कधीच नव्हता, हे तू सिद्ध कर." तो गप्प बसला. पुरुषांत हा विषाणू आहे की नाही हे ठरवणारी नेहमीच्या वापरातली रक्ततपासणी नाही. त्याला दिसत नव्हते, एवढेच खरे होते. ते दोघे आजही एकत्र आहेत.

दुसरी भीती कॅन्सरची. एचपीव्हीचे प्रकार शंभराहून जास्त आहेत. गुप्तांगावरच्या दहापैकी नऊ चामखिळी त्यांतल्या ६ आणि ११ या क्रमांकांच्या प्रकारांनी होतात आणि त्यांचा कॅन्सर होणे फार दुर्मिळ. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला जबाबदार असणारे प्रमुख प्रकार १६ आणि १८ हे वेगळे. या विषाणूचा आणि त्या कॅन्सरचा संबंध दाखवल्याबद्दल हॅराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या चारही प्रकारांविरुद्धची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली असून ती २०२३ पासून आपल्याकडे मिळते. मुली-मुलांना लैंगिक आयुष्य सुरू होण्याआधी दिली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त. आलेली चामखीळ मात्र लसीने जात नाही.

बिब्बा, चुना आणि ट्यूब

नाव ठरण्याआधी केलेले उपचार आम्हाला सगळ्यात जास्त त्रास देतात. बिब्ब्याचे तेल लावून गुप्तांग भाजून घेतलेले, चुना आणि धुण्याचा सोडा लावून खोल जखम केलेले, घोड्याचा केस बांधून पिकवून घेतलेले असे सगळे प्रकार मी पाहिले आहेत. जखम झाली की मूळ वाढ कशी होती हे मग ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तोच प्रकार मेडिकलमधून न विचारता घेतलेल्या ट्यूबचा. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. दोन दिवस खाज थांबते, रोग आत पसरतो आणि त्याचे रूप बदलते. दाढीच्या ब्लेडने जागा साफ करणेही या काळात थांबवावे. मोलस्कम आणि चामखीळ त्याने पसरतात.

योग्य उपचार अवघड नाहीत. चामखिळीवर डॉक्टरांनी स्वतः लावायचे पोडोफायलिन आहे, जे हिमालयातल्या एका झुडपाच्या मुळापासून निघते. ते गरोदर बाईला चालत नाही, म्हणून पाळी चुकली असेल तर आधी सांगावे. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड गरोदरपणातही चालते. विजेने जाळणे आहे, आणि द्रव नायट्रोजनने गोठवणे आहे. हा तोच नायट्रोजन, ज्याच्या कॅनमध्ये जनावरांच्या दवाखान्यात वळूचे वीर्य साठवून ठेवतात. यांतल्या कशानेही दिसणारी चामखीळ जाते, पण आजूबाजूच्या कातडीतला विषाणू उरू शकतो. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा उगवणे नेहमीचे आहे. त्याला उपचार फसला असे म्हणत नाहीत, आणि जोडीदार पुन्हा बाहेर गेला असेही म्हणत नाहीत.

इथे मात्र थांबू नये

धीर धरा असे मी सांगतो आहे, पण काही खुणा दिसल्या तर धीर धरणे हाच गुन्हा ठरतो. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम. कडक होत जाणारी, झपाट्याने वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ. रंग बदलून काळसर झालेली वाढ. पूर्वी मागे जाणारी शिश्नावरची कातडी आता मागे न जाणे आणि आतून घाण वासाचा स्राव. जांघेत कडक अवधाण. पाळी गेलेल्या बाईला बाहेरच्या जागेवर सतत खाज, पांढरे चट्टे आणि गाठ. यांतले काहीही असेल तर बायॉप्सीबद्दल डॉक्टरांना तुम्हीच विचारावे. शिश्नाचा कॅन्सर लवकर सापडला तर थोडक्यात निभावतो, उशीर झाला तर अवयव जातो.

लवकर येण्याने काय फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच भागात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे सांगितली, तपासायला या म्हणाले. काही वर्षांतच दिसले की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. नवे औषध नव्हते की नवे यंत्र नव्हते. लोक बोलू लागले, एवढेच झाले होते.

आणि बायकांचे?

पुरुष निदान पत्र तरी लिहितात. बायका तेही करत नाहीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात अहवाल प्रसिद्ध केला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम आठ होत्या. मराठवाड्यातल्या बाया यापेक्षा फार मोकळेपणाने बोलतात असे मला तीस वर्षांत दिसलेले नाही.

म्हणून आणखी एक उदाहरण जवळचे देतो. त्या वेळचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. १९८२ पर्यंत आपला तालुकाही त्याच जिल्ह्यात होता. तिथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मिळून अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी करून गरज असेल तिथे उपचार केले, तर पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरच्या डॉक्टरांनी हा धडा आपल्या शेजारच्या शेतकरी बायकांकडून घेतला. तेव्हा चामखीळ असो वा नसो, तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सोबत जाऊ किंवा बहीण असली की पाय उचलतो.

वाट पाहण्याचे दिवस

आता पत्र लिहिणाऱ्या बंधूंसाठी. निदान ठरेपर्यंतचे दिवस कसे काढावेत?

दिवसातून दहा वेळा पाहू नका. सारखे ओढून-दाबून पाहिल्याने जागा लाल होते, सुजते, आणि ती नवी सूज पाहून पुन्हा घाबरायला होते. पंधरा दिवसांतून एकदा, दिवसाच्या उजेडात पहा. एका वहीत तारीख घालून दोन ओळी लिहा: किती आहेत, केवढ्या आहेत, मोहरीएवढ्या की मसुराएवढ्या. ही वही डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मोबाइलवर चित्रे शोधू नका. तिथे शंभरातले एखादे भयंकर चित्रच आधी दिसते. स्वतःचे फोटो अनोळखी माणसाला पाठवू नका. फोटोवरून निदान क्वचितच होते आणि बदनामीची भीती मात्र कायमची मागे लागते.

निदान ठरेपर्यंत संबंध टाळा किंवा निरोध वापरा. निरोधाने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. जोडीदाराला टाळण्यापेक्षा सांगा: 'मला इथे काहीतरी आले आहे, डॉक्टर तपासत आहेत, ठरेपर्यंत थांबू.' एवढे वाक्य पुरते. न सांगता पाठ फिरवली, की दुसरे माणूस त्याचा भलताच अर्थ लावते.

एक डॉक्टर धरा. तीन ठिकाणी तीन मते घेण्यापेक्षा एका त्वचारोगतज्ज्ञाकडे तीनदा गेलेले बरे; बदल काय झाला हे त्यालाच कळते. खासगीत परवडत नसेल तर लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. सरकारी यंत्रणेत 'सुरक्षा क्लिनिक' नावाने गुप्तरोगांची तपासणी आणि समुपदेशन मोफत होते. १०९७ या मोफत फोनवर नाव न सांगता माहिती विचारता येते.

झोप उडाली, जेवण जाईना, जिवाचे बरेवाईट करावे असे वाटू लागले, तर तो वेगळा आजार समजा आणि त्यासाठी त्याच दिवशी मदत घ्या. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत फोन दिवसरात्र चालू असतो. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते.

आणि डॉक्टरसमोर बसाल तेव्हा चार प्रश्न विचारा. सर्वांत जास्त शक्यता कशाची आहे? दुसरे काय असू शकते? घातक नाही हे कशावरून म्हणता? आणि पुन्हा कधी दाखवू, त्याआधी काय दिसले तर लगेच येऊ? नाव कळले नाही तरी या चार प्रश्नांची उत्तरे घेऊन घरी गेलेला माणूस रात्री झोपू शकतो. या प्रश्नांचा राग येणाऱ्या डॉक्टरला सोडून दुसरीकडे गेलात तरी हरकत नाही. त्यात मीही आलो.

१९९७ च्या त्या मुलाचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. आता तो त्याच्या वडिलांचे ब्लडप्रेशर दाखवायला महिन्यातून एकदा येतो. जुना विषय आम्ही दोघेही काढत नाही. मात्र मी गोळ्या लिहीत असताना तो विचारतो, "नक्की ना, डॉक्टरसाहेब?" आणि नक्की नसेल तेव्हा मी तसे सांगतो.